खिडकीची पिन आतल्या बाजूला

पूर्वेकडच्या डोंगरात आमच्या पलटणीचं पोस्टिंग होतं. मी एमटी सेक्शनचा, म्हणजे गाड्या सांभाळणारा हवालदार. रोजचं काम एकच. सकाळी जीप गरम करायची, वरच्या चौकीवर रेशन आणि जवान पोचवायचे, उतरताना सुट्टीवाले आणि आजारी खाली आणायचे. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, पाठ मात्र मोडायची.

जीपच्या बाजूंना कॅनव्हासचे पडदे होते. ते वाऱ्याने फडफडायचे, बर्फ आत यायचा, आणि चौकी येईपर्यंत मागे बसलेले जवान गारठून लाकूड व्हायचे. आमचा ड्रायव्हर नाईक तानाजी गारगोटीकडचा. भरतीआधी तो मामाच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. एक दिवस म्हणाला, "साहेब, खिडक्या बसवू की. ट्रॉलीचा मागचा फाळका खाली पडतोय, ह्या वर उचलायच्या. एवढाच फरक."

भंगारातला पत्रा घेतला. काचेऐवजी जाड पारदर्शक प्लॅस्टिक, रबराच्या जागी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. चौकट वरून दोन बिजागऱ्यांना टांगली. खालची खिट्टी काढून खिडकी बाहेर उचलली की साखळीला अडकून राहायची. बिजागऱ्यांना त्याने ट्रॉलीसारख्या पिना घातल्या. त्या ओढल्या की अख्खी खिडकी सुटायची. पण पिनांच्या कड्या त्याने आतल्या बाजूला ठेवल्या. चढता-उतरता प्रत्येकाच्या डोक्याला त्या लागायच्या आणि शिव्या मला ऐकाव्या लागायच्या.

"ट्रॉलीला पिन बाहेर असते ना? मग इथं आत कशाला?" मी वैतागून विचारलं.

"ट्रॉलीत ऊस आत असतोय, साहेब. काढणारा भाईर उभारतोय. हितं माणसं आत हाईत."

दिसायला त्या खिडक्या ओबडधोबड होत्या, पण जवान त्या जीपमध्ये बसायला भांडायचे.

थंडी सुरू होता होता, एका सकाळी आम्ही दोन गाड्या घेऊन उतरत होतो. तानाजी पुढच्या जीपमध्ये, त्याच्या पाठीमागे पाच जवान, त्यातला एक तापाने फणफणलेला. मी मागच्या गाडीत. वळणावर रस्त्याची कडा ढासळली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढची जीप नाल्यात गेली. मी वायरलेसवर खालच्या तळाला कळवलं.

"टू फॉर वन. पुढची गाडी नाल्यात. दोर, जॅक, डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"वन फॉर टू. निघालो. आउट."

खाली उतरलो. जीप डाव्या कुशीवर पडली होती. मागचा दरवाजा खडकाला टेकलेला, पुढचा भाग पाण्यात, आत पाणी भरत होतं. उजव्या खिडक्या आभाळाकडे होत्या, पण छत दबल्यामुळे चौकट अडकली होती. आम्ही पहार घालून पाहिली. हलेना. आत आरडाओरडा चालला होता. तेवढ्यात तानाजीचा आवाज आला. स्टिअरिंगखाली त्याचे पाय अडकले होते.

"गप बसा. मागची पिन आधी वडा. मग पुढची. खिडकी आत घ्या."

पिना निघाल्या, खिडकी आत पडली. आम्ही एकेकाला वर ओढलं. तापाचा जवान सगळ्यांत आधी.

"साहेब, पाची आली का?"

"आली. आता तू."

"बरं झालं," तो म्हणाला.

मी आत उतरलो. जॅक लावायला जागा मिळेना. दोर आला, डॉक्टरही आला, पण पाणी आमच्या आधी पोचलं. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो राहिला नव्हता. मी नाल्याच्या काठावर बसून रडलो. सगळ्यांसमोर रडलो.

निवृत्तीनंतर आता मी शाहूपुरीत एका शेडमध्ये जुन्या जीपना अशाच खिडक्या बसवतो. गुडघे गेलेत, वेल्डिंगने डोळे चुरचुरतात. रानावनात गाड्या उडवणारी हौशी मंडळी येतात आणि पिना बाहेर हव्यात म्हणतात, म्हणजे आत सफाई दिसते. मी ऐकत नाही. माझ्याशी वाद घालून थकतात, मीही थकतो.

परवा तानाजीचा धाकटा भाऊ मारुती जीप घेऊन आला. राधानगरीकडच्या वाड्यांमधून तो शाळेची पोरं आणतो, भर पावसातसुद्धा. मी खिडक्या बसवून दिल्या, तेव्हा त्या बघून म्हणाला, "साहेब, ह्या कड्या पोरांच्या डोस्क्याला लागत्यात की. भाईर घ्या."

घरच्यांना फक्त अपघात झाला एवढंच कळलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो जीपमध्ये मागे जाऊन बसला.

"दादानं कुठली आधी वडायला सांगितलीती?"

"मागची."

त्याने मागची पिन ओढली, मग पुढची. खिडकी त्याच्या हातात आली. ती त्याने मांडीवर घेतली.

"ऱ्हाऊ द्या आतच," तो म्हणाला. "उद्या पोरास्नी बी शिकिवतो."