आवशीच्या बोलण्याचे शुद्धिपत्र

तुमच्या आईचे बोलणे कधी कुणी भर सभेत दुरुस्त केले आहे का?

माझ्या आईचे केले. ती तिथे नव्हती. मी होतो.

तालुक्यातल्या एका वाचनालयात त्या दिवशी नव्या पुस्तकांचा परिचय होता. आमच्या छोट्या छापखान्याने काढलेले माझे पहिले पुस्तक चिटणिसांच्या हातात होते. आवशीने, म्हणजे माझ्या आईने, सांगितलेल्या गोष्टी. ती तारकर्लीची. पाटी घेऊन बाजारात मासे विकणारी. ती बोलली तसे मी लिहिले, आणि त्याच छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवतो म्हणून माझ्याच हातांनी जुळवले.

चिटणीस वकील होते. त्यांनी एक पान उघडून मोठ्याने वाचले, "माका सांगान गेलो नाय तो."

मग चष्म्यावरून सभेकडे बघितले. "तो गेलो? अहो, मी गेलो, तो गेला. इथे नक्की गेले कोण? लेखक, की त्यांचे वडील?"

सभा हसली.

ते वाक्य माझ्या बापाबद्दलचे होते. पहाटे होडी घेऊन गेला. आवस झोपली होती, तिला उठवले नाही. होडी परत मिळाली, तो मिळाला नाही. त्याच्याबद्दल आवशीने इतक्या वर्षांत तेवढेच एक वाक्य उच्चारले होते. आमच्या बोलीत 'तो गेलो' म्हणजे तो गेला. सभेतल्या निम्म्या लोकांच्या घरात असेच बोलतात. तेही हसले. माझ्या वाडीतला एक मॅट्रिक झालेला शेजारी बसला होता. तो सर्वांच्या आधी हसला.

"पुस्तक घेऊ आम्ही," चिटणीस म्हणाले. "पण शुद्धिपत्र चिकटवून आणा. शाळेची मुले वाचतात इथे."

छापखान्याचे मालक आपा माझ्यासोबत होते. वाटेत म्हणाले, "एक चिठी छापून टाक रे. पुस्तक कपाटात तरी जातला."

आपा वाईट माणूस नव्हे. आमच्यासारख्यांचे लिहिलेले छापायला तेवढे एकच दार उघडे होते. शाळा कायमची सुटल्यावर मी त्यांच्याकडची सभांची पत्रके वाचत वाढलो. माणसाने वाकू नये, हे मी त्या पत्रकांत शिकलो. आता त्याच खिळ्यांनी मी शुद्धिपत्र जुळवू लागलो. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. माका – मला. खंय – कुठे. गेलो – गेला. डावी रांग वाचली की आवस बोलतेय असे वाटे. उजवी वाचली की कोणीच नाही.

घरी आलो. सभेत काय झाले ते बाजारात तिला कोणीतरी सांगितलेच होते. जेवताना म्हणाली, "मला... मला तांब्या दे."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बरोबर बोललंय मां?"

मी तांब्या पुढे केला. "आये, तू तुझा बोल."

"शिकलेली माणसां ती, झिला. तेंचा खोटा कसा असतला?"

त्यानंतर ती प्रत्येक शब्द आधी तोंडात चाचपून बघायची आणि बहुतेक वेळा गिळून टाकायची. घरात माणसे दोन. बोलणारे कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात गेलो. जुळवलेले शुद्धिपत्र सुटे केले आणि एकेक खिळा त्याच्या खणात परत टाकू लागलो. आपा बघत उभे.

"ह्या काय करतंस? पुस्तक कपाटात जावचा नाय."

"नाय तर नाय."

"मग खंय जातला?"

"जेच्या तोंडचा आसा, तेच्याकडे."

"तुझी आवस काय वाचूक बसतली?" आपा हसले. मी हसलो नाही. तेही मग थांबले. "तुझा तू बघ," म्हणाले, आणि यंत्राला तेल घालू लागले.

वाचनालयाने पुस्तक घेतले नाही. वाडीतली शिकलेली मुले मला बघून वाट बदलतात. आवस अजून परक्यासमोर 'मला' म्हणते, आणि माझ्यासमोरही कधीकधी. तिचे बोलणे मला परत आणता आलेले नाही. कदाचित येणारही नाही.

पण आमच्या छापखान्याच्या या पत्रकात नव्या पुस्तकांची बातमी द्यायची असते, ती ही: पुस्तक निघाले आहे. आहे तसे. त्याला शुद्धिपत्र नाही. माझ्या हातून जुळवलेल्या कोणत्याही पुस्तकात, कोणाच्याही आईच्या तोंडचा शब्द चूक म्हणून छापला जाणार नाही. त्यासाठी एकटे राहावे लागले तर राहीन.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात जा. सगळे बसलेले असतील तेव्हा जा. आणि मोठ्याने मागा, "माका ह्या पुस्तक व्हया." हसले तर पुन्हा मागा.