दादांनी जेट सोडलं

विमानातून उतरूनही विमानातच राहणारा माणूस उभ्या मिशिगनमध्ये एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामेभाऊ आहे. आम्ही दोघंही त्यांना दादा म्हणतो. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतात. इथली आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनिअर आहेत. दादाही तेच करायला आले होते, पण एका वाढदिवसाला वहिनींनी हौसेने त्यांना विमान चालवायचा एक धडा भेट दिला, आणि तो वाढदिवस अजून संपलेला नाही. नोकरी सुटली, लायसन्स आलं, आणि दादा श्रीमंतांची खासगी जेट उडवायला लागले. "माझ्या हाताने गिफ्ट दिलंय, बोलणार कुणाला?" असं वहिनी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात.

खासगी जेटच्या पायलटचं काम नुसतं उडवण्याचं नसतं, हे आम्हाला दादांमुळे कळलं. छोट्या जेटमध्ये हवाईसुंदरी वगैरे नसते. पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या, कॉफी भरायची, बर्फ आणायचा, उतरल्यावर कुत्र्याचे केस साफ करायचे आणि प्रत्येक सीटवर पट्टे छान फुलीसारखे एकमेकांवर ठेवायचे, हे सगळं दोघा पायलटांनीच करायचं. ही सवय दादांच्या अंगात इतकी मुरली की आमच्याकडे सत्यनारायण असला तरी ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात दारात उभे राहतात, येणाऱ्यांचे कोट घेतात आणि कोणते काका साखर कमी घेतात ते लक्षात ठेवतात. माझे वडील पहिल्यांदा अमेरिकेला आले तेव्हा विमानतळावर दादांनी वाकून त्यांच्या हातातली पिशवी घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी छाती काढून सांगतो. वडिलांनी जन्मभर सरकीची पोती स्वतःच्या पाठीवर वाहिली. त्यांची पिशवी कुणी उचलायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी ती सोडली नाही. दोघंही एकच पिशवी धरून पार्किंगपर्यंत चालत गेले. "माणूस चांगला आहे," वडील मला हळूच म्हणाले, "पण जरा चिवट आहे."

दादांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी "दारं?" "बंद!" "पट्टे?" "लावले!" असं मोठ्याने बोलावं लागतं. मान हलवलेली चालत नाही. मात्र त्यांच्याबरोबर कुठला बेत ठरवणं म्हणजे जुगार. फोन वाजला की दोन तासांत उड्डाण. एकदा वहिनींनी कोथिंबीर आणायला पाठवलं, तर मालकाच्या मर्जीने दादा परस्पर कुठल्याशा बेटावर पोचले आणि तीन-चार दिवसांनी परतले. कोथिंबीर मात्र आणली होती. बेटावरची. शिवाय पाहुण्यांनी न खाल्लेली कोळंबी, आमच्या शाकाहारी घरासाठी. आम्ही हसायचो. त्यांची मुलगी हसायची नाही. तिचे शाळेतले कार्यक्रम, मंडळाच्या गणपतीतला नाच, सगळ्या फोटोंत वहिनी एकट्या. बारावीत गेल्यावर तर तिने बोलावणंच सोडलं. "इट्स ओके बाबा, तुझं काय ठरलेलं नसतं," असं ती अगदी शांतपणे म्हणाली. दादांनी हे आम्हाला विनोद म्हणून सांगितलं, पण सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही.

त्याच सुमाराला एका रिजनल एअरलाइनमधून बोलावणं आलं. ही मोठ्या कंपनीच्या रंगाची छोटी विमानं, लहान गावांतून माणसं गोळा करून डेट्रॉइटला आणून सोडणारी. पुढचे कित्येक रविवार आमच्या डायनिंग टेबलावर हाच विषय. "हे बघा," दादा म्हणायचे, "खासगी जेट म्हणजे लग्नाला ठरवलेली गाडी. मान आहे, जेवण आहे, पण नवरदेव हलेपर्यंत झाडाखाली बसा. रिजनल म्हणजे तालुक्याची एस.टी. दिवसात चार-पाच फेऱ्या, मान कमी, पण वेळापत्रक महिनाभर आधी हातात."

"एस.टी. निदान मुक्कामाला घरी येते का?" वहिनींनी विचारलं.

"सुरुवातीला नाही. तिथे सगळं नंबरावर. ज्या दिवशी रुजू झालात तो तुमचा नंबर. माझ्या अनुभवाला कुणी विचारणार नाही. माझ्या निम्म्या वयाचा कॅप्टन आणि मी त्याच्या शेजारी."

मी छापील वेळापत्रकाचा भक्त. मी म्हटलं, "दादा, पुढच्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाईल. मान नंतर मिळवता येईल." एवढं शहाणपण मला क्वचितच सुचतं. दादांनी उठून सगळ्यांचे कप विसळले. आठवड्याभरात त्यांनी जेट सोडलं.

पहिल्या फेरीची हकिगत त्यांनीच सांगितली. कॉकपिटमधली तयारी आटोपून दादा सवयीने बाहेर आले, दारात उभे राहून एकेकाचं स्वागत केलं आणि दिसेल ती बॅग उचलून वर ठेवायला लागले. लोकांना वाटलं, सोयच आहे. सगळे बॅगा घेऊन त्यांच्यासमोर रांगेत उभे. वाट पूर्ण तुंबली. शेवटी तो पोरगेला कॅप्टन बाहेर डोकावला आणि म्हणाला, "सर, मला विमान उडवायला एक माणूस कमी पडतोय."

नंबर तळातला, त्यामुळे शनिवार-रविवारची सुट्टी त्यांच्या वाट्याला येणं शक्य नव्हतं. कुणालाच नको असलेला मंगळवार मिळाला. पण तो पक्का मिळाला. दर मंगळवारी शाळा सुटताना दादा गेटवर उभे. मुलगी गाडी चालवायची, हे शेजारी. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीतच समोसे खायचे आणि घरी यायचं. "दारं?" म्हटलं की ती "बाबा, स्टॉप!" ओरडायची आणि मग "बंद" म्हणायची. मी एकदा त्यांना तिथे पाहिलं. काही खास चाललं नव्हतं. ती कुठल्याशा मैत्रिणीची तक्रार सांगत होती आणि दादा घड्याळाकडे न बघता ऐकत होते. शाळा संपेपर्यंत एवढंच.

ऑगस्टमध्ये ती कॅलिफोर्नियाला गेली. इकडे वरचे तरुण पायलट भराभर मोठ्या कंपन्यांत गेले आणि दादांचा नंबर सरकत सरकत बराच वर आला. मागच्या महिन्यापासून त्यांना शनिवार मिळतो. एवढ्या लवकर मिळणं म्हणजे नशीबच, असं त्यांचे सहकारी म्हणतात. मीही मनापासून अभिनंदन केलं. शनिवारी सकाळी दादा आमच्याकडे येतात, वहिनी मागून येतात. चहा होतो, मग दुसरा होतो. खासगी जेट बरं की रिजनल, असं कुणी विचारलं तर अजूनही दोन्ही बाजू नीट सांगतात. मधेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मनातल्या मनात कॅलिफोर्नियाचे तीन तास वजा करतात. "अजून उठली नसेल," म्हणतात. "झोपू दे."