पान उलटं धरणारे मुस्यू

मुस्यू पान उलटं धरून तपासायचे. उलटं म्हणजे अगदी डोकं खाली, पाय वर. ऑफिसात नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास हसायचा आणि आमच्यापैकी कुणाला तरी बाजूला घेऊन विचारायचा, या काकांना फ्रेंच नक्की येतं ना? यायचं हो. इतकं यायचं की पान सुलट धरलं की ते वाचतच सुटायचे, आणि वाचणाऱ्याला शब्दांमधल्या जागा दिसत नाहीत. "शब्द दिसले की माणूस भुलतो," ते म्हणायचे. "उलटं धर. मग निस्त्या फटी दिसतात."

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. परदेशी पुस्तकांची पानं संगणकावर लावून द्यायची, हे काम. फ्रेंचच्या टेबलावर आम्ही तिघं: मी, सबिहा आणि मुस्यू. मुस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये महाशय; हे नाव त्यांना अजिंठ्याच्या गाईड मित्रांनी दिलेलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फ्रेंच पाहुण्यांना लेणी दाखवण्यात घातली. मग गुडघे गेले, पायऱ्या होईनात, तेव्हा ते आमच्याकडे आले. सकाळी दारातून आत येताना "बोंजूर, जयभीम" असं एका दमात म्हणायचे, आणि कुणी उत्तर दिलं नाही तर तिथंच उभं राहून परत म्हणायचे.

फ्रेंच लोकांची एक खोड आहे. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम यातलं काहीही शब्दाला खेटून बसवायचं नाही, मध्ये बारीकशी जागा सोडायची. त्यांची अवतरणचिन्हंही टोकदार, आणि त्यांच्या आतल्या बाजूलाही जागा. बरं, ती जागा न तुटणारी हवी. नाहीतर ओळ संपली की चिन्ह बिचारं एकटंच खालच्या ओळीत जाऊन पडतं. मला सुरुवातीला हे सगळं रिकामटेकड्यांचं काम वाटायचं. तसं मी बोलूनही दाखवलं. मुस्यूंनी चष्मा काढला, पुसला. "प्रश्न विचारायच्या आधी माणूस जरा दम घेतो का नाय? तेवढी ती जागा. लई सोडली तर काय विचारायचं तेच इसरतो." त्यानंतर मी वाद घातला नाही, पण पटलं असंही नाही.

ही खोड त्यांनी घरीही नेली होती. पुतणीच्या लग्नाची पत्रिका गुलमंडीतल्या प्रेसमध्ये टाकली, तेव्हा 'लग्नाला यायचं हं' नंतर थोडी जागा आणि मग उद्गारचिन्ह, असं त्यांनी प्रेसवाल्याला चार वेळा बजावलं. त्यानं वैतागून साधी जागा टाकली. पत्रिका छापून आल्या आणि प्रत्येकीवर ते उद्गारचिन्ह खालच्या ओळीत, मधोमध, एकटं. घरच्यांच्या लक्षातही आलं नाही. मुस्यूंनी मात्र आम्हा दोघींना पत्रिका देताना अंगठा त्या चिन्हावर ठेवला होता. सबिहानं तो अंगठा हळूच बाजूला केला आणि आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले, पण ओशाळून.

एकदा मात्र चूक त्यांचीच झाली. कॅनडाचं एक जाडजूड पुस्तक आलं. फ्रेंचच, म्हणून आम्ही नेहमीच्या पद्धतीनं जागा सोडल्या. पुस्तक जसंच्या तसं परत आलं. कॅनडात प्रश्नचिन्ह शब्दाला चिकटून बसतं म्हणे. आम्ही कॅनडाला शिव्या घातल्या. मुस्यू मात्र पहिल्या पानापासून पुन्हा बसले, आणि काम होईपर्यंत डब्यातली भाकरी टेबलावरच एका हातानं खाल्ली.

मग ऑफिसच्या साहेबांनी संगणकावर एक प्रोग्राम आणला. जागा आता तोच सोडणार होता. नवा होता, चुकायचाही खूप. म्हणून मुस्यूंना काम दिलं: तो जिथं चुकेल तिथं खूण करायची, खूण बघून तो शिकेल. तो नीट शिकला की फ्रेंचचं टेबल बंद, हे साहेबांनी लपवलं नाही. चहाच्या टपरीवर सबिहा त्यांना म्हणाली, "मुस्यू चाचा, थोड्या चुका रहने दो ना. अपनी रोटी का सवाल है." मीही तेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. तिच्या घरी आजारी वडील, माझ्या पदरी मुलगी, आणि मुस्यूंना या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

त्यांनी मान डोलावली. जागेवर येऊन, आमच्या देखत, एक चूक खूण न करता सोडली. पान पुढे सरकवलं. दुसरं घेतलं. तेही खाली ठेवलं, पहिलं परत ओढलं आणि खूण केली. मला म्हणाले, "दिसल्यावर सोडवत नाय गं बाई. डोळे मिटून बसू का?"

मला इतका राग आला की पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्या डब्यातल्या ठेच्याला हात लावला नाही. खरं सांगते, तो राग अजून गेलेला नाही. त्यांनी कामचुकारपणा केला असता तरी टेबल वाचलं नसतं, चार-सहा महिने लांबलं असतं इतकंच, हे मला कळतं. पण ते चार-सहा महिने आमचे होते.

टेबल बंद झालं. सबिहा घरी शिकवण्या घेते, त्यातून वडिलांची औषधंसुद्धा धड होत नाहीत. मी बिडकीनला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये खोक्यांवरची लेबलं टाइप करते. मुस्यू एकदा अजिंठ्याला जाऊन आले, निदान खाली बसून माहिती सांगायचं काम मिळेल म्हणून. आता पाहुण्यांच्या कानात फोनच फ्रेंच बोलतो, असं सांगून जुन्या मित्रांनी त्यांना चहा पाजला आणि परतीच्या गाडीत बसवलं.

मागच्या रविवारी पडेगावला त्यांच्या घरी गेले होते. खाटेवर बसले होते. वाळलेत फार. काकू म्हणाल्या, दिवसदिवस बोलत नाहीत. माझ्याशी मात्र बोलले. मुलीची चौकशी केली, सबिहाच्या वडिलांची केली. काकू चहा टाकायला आत गेल्या, तसे पुढे वाकून हळूच म्हणाले, "तिकडं कुठं काई चुकल्याचं कानावर आलं का?"

मला आधी कळलंच नाही. तो प्रोग्राम कुठं चुकला का, असं ते विचारत होते. ज्यांना एक चूक सोडवत नव्हती, ते मुस्यू घरात बसून एका चुकीची वाट बघत होते. एखादं पुस्तक बिघडेल, साहेबांचा फोन येईल, या आशेवर. जुन्या ऑफिसातली, हिशोबाच्या टेबलावरची मुलगी मला अधूनमधून भेटते. तिच्याकडून मला माहीत होतं की तिकडे सगळं सुरळीत चाललंय, मुस्यूंचं नावही कुणी काढत नाही. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण आज खोटं बोलले असते तर ते उद्यापासून फोन उशाशी घेऊन बसले असते.

"नाही मुस्यू," मी म्हटलं. "एकही नाही."

ते मागे टेकले.

"नसणारच," ते म्हणाले. "नीट शिकवलंय मी त्याला."