उत्तरेची भिंत

जेबेझ थर्लो हा इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका खेड्यातला गवंडी. गावचं चर्च सहाशे वर्षांचं. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला पोट सुटलं होतं. नव्या पाद्रीसाहेबांनी वर्गणी जमवली आणि ठरलं, की ती भिंत उतरवायची आणि चर्च त्या बाजूला बारा फूट वाढवायचं.

नकाशावर जेबेझने ते बारा फूट बोटाने मोजले. तिथे, कायम सावलीत, बाप्तिस्म्याविना गेलेली मुलं पुरलेली होती. चर्चच्या नियमाने त्यांना ना क्रूस, ना नाव. एकवीस वर्षांपूर्वी त्याची मुलगी मेलेलीच जन्मली, तेव्हा जुन्या पाद्र्याने प्रार्थना म्हणायचंही नाकारलं होतं. जेबेझने स्वतःच खड्डा खणला होता, भिंतीपासून पाच पावलांवर. त्याची बायको केझाया त्यानंतर त्या बाजूला फिरकली नव्हती.

पाया खणताना निघतील ती हाडं आवाराच्या कोपऱ्यातल्या मोठ्या खड्ड्यात टाकायची, असा हुकूम होता. निघाली ती पाखरांची वाटावीत इतकी बारीक. जेबेझ टोपली उचलायचा, आत बघायचा नाही. भर दुपारी त्याला पाठीमागे पावलं ऐकू यायची. वळून पाहावं तर गवत तेवढं हललेलं.

पाचव्या पावलाशी, मुलीच्या जागेवर आल्यावर त्याने फावडं टाकलं आणि नव्या भिंतीच्या आखणीची दोरी हातभर बाहेर सरकवली, म्हणजे ती जागा न खणता आत राहील.

दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेब आले. "थर्लो, दोरी सरकली आहे."

"तिथे हाडं आहेत, साहेब."

"हाडं तर सगळीकडेच आहेत. ही कोणाची?"

"माझी," जेबेझ म्हणाला.

पाद्रीसाहेबांनी चरात वाकून बघितलं. मग दोरी तशीच ठेवून निघून गेले. भिंत तिथे हातभर बाहेर वळली, ती तशीच उभी राहिली.

चर्च पुन्हा उघडलं त्या रविवारी जेबेझने केझायाला शेवटच्या बाकाशी नेलं.

"इथे?" तिने विचारलं.

"तुझ्या पायाखाली."

ती बसली. त्या रात्री बऱ्याच वर्षांनी तिला गाढ झोप लागली. जेबेझ मात्र छताकडे बघत पडून राहिला. बाकीच्यांच्या टोपल्या त्यानेच वाहिल्या होत्या, तेवीस. त्यांच्यासाठी दोरी सरकवावी असं एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

पुढे त्याने कोपऱ्यातल्या त्या खड्ड्याला दगडी कड घातली, कोणी सांगितलं नसताना. मरेपर्यंत दर रविवारी केझाया आत प्रार्थनेला बसायची आणि तो बाहेर, टोपी हातात धरून, त्या कडेशी उभा असायचा.