वीतभर उंच कडं

नववीत असताना माझी उंची इतकी वाढली, की हिला नवरा कुठून आणायचा, असं येणारंजाणारं आईला विचारी. त्याच वर्षी जवळा बाजारच्या आमच्या शाळेत खेळाचे नवे सर आले. त्यांनी मैदानात लोखंडी खांब रोवून वर फळी आणि कडं बसवलं आणि मुलींचा बास्केटबॉलचा संघ करायचं ठरवलं. वर्गावर्गातून फिरताना त्यांनी पहिलं बोट माझ्याकडं केलं. माझ्या उंचीचा कुणाला आनंद होतो, हे मला नवीन होतं.

मला खेळातलं काही येत नाही, असं मी सांगून टाकलं. सर म्हणाले, "खेळाडू घडवावा लागतो. ते माझं काम."

शिवणाच्या बाईंना हे पटत नसे. संघाबरोबर बाईमाणूस हवं म्हणून हेडमास्तरांनी त्यांना आमच्यावर नेमलं होतं. पायरीवर बसून त्या आमच्या निळ्या सलवारी शिवत. त्यांचं म्हणणं, हात उपजत असतो. कुणाला पहिल्या दिवशी काज जमतं, कुणाला जन्मात जमत नाही. मला काज जमत नव्हतं.

बाईंनीच आठवीतली एक पोरगी आणली. माझ्या खांद्यालाही न लागणारी, ज्वारीच्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकणारी. तिनं कड्याकडं एकदा पाहिलं आणि चेंडू टाकला. आत पडला. पुन्हा टाकला, पुन्हा पडला. सरांनी तिला लगेच संघात घेतलं. तिची एकच खोड होती, ती चेंडू कुणाला देत नसे. हिला का देत नाहीस, असं सरांनी माझ्याकडं बोट करून विचारलं तर म्हणाली, "दिल्यावर ती पाडती व्हय?"

सरांनी मला मात्र सोडलं नाही. रोज सकाळी कड्याखाली उभं करून ते चेंडू टाकायला लावत. मनगट असं, कोपर तसं. दिवाळीपर्यंत दहातले सात पडायला लागले. सर बाईंच्या पायरीवरून मुद्दाम दोनदा गेले.

मग परभणीला सामना झाला. माझा पहिला चेंडू कड्यावरून गेला. दुसराही. तिसरा फळीवरूनच पलीकडं गेला आणि एका शेळीला लागला. त्या पोरीचेही पहिले दोन हुकले. तिसऱ्यापासून तिनं हात आवरला आणि चेंडू आत पडू लागले. पण एकटी किती पाडणार? आम्ही हरलो.

सामना संपल्यावर बाईंनी पिशवीतून शिवणाची टेप काढली आणि स्टुलावर मला चढवून कड्याची उंची मोजायला लावली. दुसऱ्या दिवशी शाळेतलं कडंही मोजलं. ते वीतभर उंच निघालं. मग सरांना आठवलं. खड्डा खणताना खडक लागला होता, गडी म्हणाला एवढं पुरं, आणि सरही व्हय म्हणाले होते. अख्ख्या मराठवाड्यात दुसरीकडं कुठंच नसेल अशा कड्यासाठी त्यांनी मला तयार केलं होतं.

सर वर्गात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. तू बराबर शिकली होतीस." मला रडू आलं. शेळीला लागला तेव्हा आलं नव्हतं.

लोहारानं खांब कापून दिला. मी पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागले. त्या पोरीनं मात्र सरावाला येणं सोडलं. बोलवायला गेले तर म्हणाली, "जमतंय की मला. मग काहून यायचं?"

पुढच्या वर्षी तिला थेट सामन्यालाच नेलं. निम्म्या खेळात तिला धाप लागली, त्यात तिघींनी घेरलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि नाइलाजानं चेंडू माझ्याकडं फेकला. मी तो कड्यात टाकला. त्यानंतर ती देत गेली आणि मी टाकत गेले. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

परतीच्या एसटीत सर म्हणाले, बघा, घडवलं की घडतं. बाई म्हणाल्या, चेंडू आणून कुणी दिला तेही बघा. जवळा बाजार येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. ती पोरगी माझ्या शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. न मागता तिनं मूठभर दाणे माझ्या ओंजळीत टाकले.