एका मॅचचा माणूस

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अमरावतीला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत क्रिकेटचं एक जुनं, जाड इंग्रजी पुस्तक होतं. मी सोडून ते कोणी काढत नसे. त्यात गेल्या शतकाच्या सुरुवातीचा एक इंग्लिश खेळाडू सापडला. आपल्या काउंटीकडून तो एकच मॅच खेळला. बॅटिंगची पाळी आली नाही, बॉलिंग मिळाली नाही. मग आयुष्यभर भाजीची बाग केली आणि म्हातारा होऊन मेला. पण जन्म, मरण, गाव, सगळं छापलेलं. डिक्शनरी घेऊन त्या चार ओळी वाचल्या आणि बाबा आठवले.

बाबाही एकच मॅच खेळले होते. अंजनगावकडे आमचं झेंडूचं वावर. फुलांचा हंगाम नसला की बाबा अमरावतीच्या एका क्लबात पिचवर काथ्याची मॅटिंग अंथरायचे, खिळे ठोकून ताणायचे. एकदा अकोल्याविरुद्धच्या मॅचला क्लबचा एक खेळाडू आलाच नाही, तेव्हा ऐनवेळी बाबांना उभं केलं. बॅटिंग आली नाही, पण एक कॅच घेतला. तो कॅच मी लहानपणापासून ऐकत आले.

क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. त्यात नाव फक्त निदान पाच मॅच खेळलेल्यांचं. मी त्या इंग्रजी पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स घेऊन सेक्रेटरींकडे गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वाद घालायची भीती नव्हती.

"त्यांनी एका मॅचवाल्याला शंभर वर्षं ठेवलं, तुम्हाला एक ओळ जड जाते?"

सेक्रेटरी हसले. "बाई, तू वकील हो. जा, या फॉर्मवर नाव-गाव लिहून आण."

फॉर्म घेऊन घरी गेले. बाबा फुलं निवडत होते.

"मले नाई पाहिजे," ते म्हणाले.

"काहून?"

"नाव अन् गाव छापून आलं का लोक काय समजतात, तुले मालूम नाई?"

मालूम होतं. त्या वर्षांत आमच्याकडच्या शेतकऱ्याचं नाव गावासकट पेपरात आलं, की त्यानं जीव दिला, एवढाच अर्थ होता. त्या महिन्यात आमच्याच गावातली दोन नावं आली होती.

"ही स्मरणिका आहे बाबा, पेपर नाही."

"तुही आत्या वाचत नाई, नुसतं नाव ओळखते. स्टँडपासूनच रडत येईन." एक सडकं फूल बाजूला टाकून म्हणाले, "अन् त्या सायबाले तरी कोनं विचारलं होतं का, छापू का म्हनून?"

मग त्यांनी त्या चार ओळी मराठीत सांगायला लावल्या.

"कॅच घेतला का त्यानं?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मंग मी बरा."

फॉर्म मी दिला नाही. आठवडाभर बाबांशी धड बोललेही नाही. मला त्यांचं नाव पाहिजे होतं. खरं सांगायचं तर अजून पाहिजे.

स्मरणिका आली तेव्हा आत्या घरी आलेली होती. बाबा नावांच्या पानांवर थांबलेच नाहीत. मैदानाचा एक जुना फोटो होता, त्यात खेळाडू लांब, मुंगीएवढे. तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"हे मॅटिंग माही. पाह्य, एक घडी नाई पडलेली."

आत्यानं नावांची पानं जवळ घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिली. तिला ओळखीचं एकही नाव दिसलं नाही. पुस्तक बाजूला ठेवून ती निवांत चहा पीत बसली.