घाटावर लावलेली गाडी

"पाणी का चाबी मांगून येते, बाई?"

हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी त्याला कितीदा बजावलं असेल, अरे बाबा, गाडी नदीकाठी सोडून घरी जातोस, निदान किल्ली तरी काढून नेत जा. तो मान खांद्याकडे कलती करून हसायचा आणि हे वाक्य माझ्या अंगावर टाकून निघून जायचा. किल्ली तिथेच, गाडीला लटकलेली.

तुम्ही म्हणाल, काय येडा माणूस! मीही नवीन होते तेव्हा तेच म्हटलं होतं. पण भामरागडकडच्या नद्यांचं वागणं तुम्ही पाहिलेलं नाही. इकडे कडक ऊन असतं आणि वर कुठेतरी झालेल्या पावसाचं पाणी बघता बघता काठ चढून येतं. पलीकडच्या गावांना पूल नाही. पावसाळ्यात लोक मोटारसायकल अलीकडच्या घाटावर मोहाच्या झाडाखाली लावतात आणि डोंग्यात, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीत, बसून घरी जातात. किल्ली गाडीलाच ठेवायची. म्हणजे पाणी चढायला लागलं की काठावर जो कोणी असेल तो हँडल सोडवून गाडी वरच्या टेकाडावर नेऊन लावतो. गाडी कोणाची, हे कोणी विचारत नाही. मी स्वतः दोन-चार गाड्या ढकलल्या आहेत, साडी खोचून.

मी त्या भागात नर्स होते. आमचं उपकेंद्र घाटापासून आत, डांबरी रस्त्याला लागून. घाट ते उपकेंद्र असा चिखलाचा रस्ता, त्यावर पावसात रुग्णवाहिका येत नाही, बैलगाडी रुतते. मोटारसायकल तेवढी येते, तीही चालवणारा तसा असेल तर. हा तसा होता. पलीकडच्या गावातला माडिया शेतकरी, उंच, काटकुळा, दात पुढे. त्याच्या गावात गाडी एकच, त्याची. म्हणून ताप असो, साप चावो, बाळंतीण अडो, डोंग्यातून अलीकडे आणलेला पेशंट माझ्या दारात पोचायचा तो याच्याच गाडीवर.

पेशंट आणायची त्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. पेशंटला मागे बसवायचा, लुगड्याने स्वतःच्या पाठीला घट्ट बांधायचा आणि त्याच्यामागे आणखी एकाला बसवायचा, आधाराला. वळणावरूनच हॉर्न वाजवत यायचा. एक लांब हॉर्न म्हणजे ताप, थांबत थांबत वाजला की बाळंतपण. मी पाणी उकळायला ठेवून दारात उभी राहायची. गाडीला आरसे नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, "मांगं तं पेशंट हाय बाई, त्याले काय पाहाचं? पुढं पाहा लागते."

एकदा परगावच्या कोणा पोराने त्याची गाडी न विचारता आठवडी बाजाराला नेली. संध्याकाळी परत आणून लावली. मी म्हटलं, पोलिसात जा. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच काहीतरी चोरलं आहे.

"आणून तं देल्ली ना. टाकीत पेट्रोलबी भरून देल्लं. आता कायचा पोलीस?"

मी चिडायची. माझा भाऊ बल्लारपूर स्टेशनबाहेर गाडी लावून पॅसेंजरने कामावर जायचा. हँडल लॉक करायचा, पुढच्या चाकाला वेगळं कुलूप घालायचा, तरी एका संध्याकाळी परत आला तेव्हा गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग. हे मी याला तिखटमीठ लावून सांगितलं. त्याला भावाबद्दल फार वाईट वाटलं. "बिचारा," म्हणाला, "तिथी ओळखीचे लोक नसन."

पुढे ठाण्यातल्या साहेबांनी शाळेच्या पटांगणात सभा घेतली. बाजारातून, घाटांवरून गाड्या जायला लागल्या होत्या. नंबरप्लेट काढून राज्याबाहेर नेतात, सुटे भाग करून विकतात, असं साहेब सांगत होते. किल्ली गाडीला ठेवू नका. हँडल लॉक करा. साखळीने झाडाला, खांबाला बांधा. दुसरी किल्ली भरवशाच्या माणसाकडे ठेवा. चांगलं समजावून सांगितलं, मला तर एकही शब्द चुकीचा वाटला नाही. हा मागे बसून शेजारच्या डोंगेवाल्याला कोपर मारत होता. डोंगेवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघे मिळून हसत होते.

त्याच पावसाळ्यात त्याची गाडी गेली.

भरदुपारी गेली. डोंगेवाला माणसं सोडायला पलीकडे गेला होता, परत येईपर्यंत झाडाखालची जागा रिकामी. आधी कोणाला काही वाटलंच नाही. कोणीतरी नेली असेल, आणून देईल. तोही तसाच म्हणाला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. पाण्याने नेली म्हणावं तर पाणी कुठे चढलं होतं!

आणि मग त्याची पुतणी अडली. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. रक्त थांबेना. डोंग्यातून अलीकडे आणली, आणि घाटावर गाडी नाही. खाटेला दोऱ्या बांधून चौघांनी खांद्यावर घेतली. निरोप आला तशी मी पिशवी उचलून चिखलातून पळत सुटले. अर्ध्या वाटेत भेट झाली. खाट जमिनीवर ठेवलेली होती आणि माणसं बाजूला उभी होती, त्यावरूनच मला कळलं. तो खाटेच्या पायाशी उकिडवा बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाबी मी ठेवली होती, बाई."

मी त्याला खूप समजावलं. चोराने मारली रे तिला, तू नाही. त्या चोराला मी आजही शिव्या देते, आणि माझ्या शिव्या साध्या नसतात.

पण माणूस बदलला. बैलजोडी विकून त्याने जुनी गाडी घेतली आणि तिच्यासाठी साखळी आणली, बैलाच्या साखळीहून जाड. कुलूप मुठीएवढं. पेशंट अजूनही आणायचा, पाठीला बांधून, हॉर्न वाजवत. फक्त हसायचा नाही. घाटावर कोणी अनोळखी दिसला की टक लावून बघायचा. पुढे पुढे ओळखीच्यांकडेही तसाच बघायला लागला. ते मला बघवायचं नाही.

डोंगेवाल्याने एकदा माझ्यादेखत विषय काढला. "भाऊ, एक चाबी माह्यापासी ठेव. पाणी चढलं तं म्या काय करू?"

"नाई."

"काऊन? माह्यावर भरोसा नाई?"

तो गाडीकडे वळला. साखळी झाडाच्या बुंध्याला गुंडाळली, कुलूप लावलं, कुलपाच्या दोन्ही किल्ल्या करदोड्याला अडकवल्या आणि डोंग्यात जाऊन बसला. डोंगेवाल्याने त्याला पलीकडे सोडलं. डोंगेवाला परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "गाडी गेली त्या दिवशी म्या पलीकडं गेलतो बाई. तुमाले तं मालूम हाय." मला माहीत होतं. आमच्या गाडीवाल्यालाही माहीत होतं. पण एकदा मनात किडा गेला की माणूस तरी काय करणार?

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी लसीचा डबा घेऊन घाटावर गेले होते, पलीकडे जायचं होतं. ढगसुद्धा नव्हते. डोंगेवाला पाण्याकडे बघून म्हणाला, "आज नाई, बाई. वरून येऊन राह्यलं." त्याने डोंगा वर ओढला. आणि खरंच, पाणी फुगायला लागलं. बाकीच्या गाड्या आम्ही टेकाडावर नेल्या. याची गाडी उरली.

पाणी चाकाला लागलं. डोंगेवाल्याने साखळी ओढून पाहिली, मग एक मोठा दगड उचलला आणि कुलपावर घालायला लागला. मी पलीकडे पाहिलं. तो काठावर येऊन उभा होता. एक हात कमरेच्या किल्ल्यांवर ठेवून त्याने दुसरा वर केला, एवढं मला दिसलं. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, येऊ नको, येऊ नको. ओरडून काय उपयोग, नदीचाच आवाज एवढा. डोंगेवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कुलूप फोडत होता.

पलीकडे कोणाचा तरी लहान डोंगा बांधलेला होता. त्याने तो सोडला. मध्यापर्यंत आलासुद्धा, हो, आला होता. मग वरून एक झाड आलं, मुळांसकट, आणि डोंगा उलटा झाला. डोंगेवाला दगड टाकून काठाकाठाने धावत सुटला, त्याचं नाव घेत. मी तिथेच उभी राहिले.

पूर ओसरल्यावर तो खालच्या वळणावर सापडला. किल्ल्या करदोड्याला तशाच होत्या.

गाडीही जागेवर होती. सीटपर्यंत गाळ, हँडलला काटक्या आणि गवत अडकलेलं, पण उभी. साखळीने तिला जाऊ दिलं नव्हतं. तो आला नसता तरी ती तिथेच राहिली असती. हे आठवलं की आजही माझा जीव तळमळतो आणि त्याचाच राग येतो. गाडी धुऊन निघाली असती रे, तुला कशी धुऊन काढू?

ठाण्यातून किल्ल्या, करदोड्याच्या दोऱ्यासकट, त्याच्या बायकोला मिळाल्या. ती गाडी न्यायला घाटावर आली तेव्हा मी होते. डोंगेवाला झाडाखाली गाडीकडे पाठ करून बसला होता. मला बघून एकदम म्हणाला, "बाई, म्या दगडानं कुलूप फोडून राह्यलो होतो. त्यानं तिकडून पाह्यलं. त्याले वाटलं असन का, म्या गाडी चोरून राह्यलो?"

मी नर्स आहे. मरणाच्या दारात पडलेल्या माणसालाही काहीतरी बरं बोलून येते. त्या दिवशी मी नुसती त्याच्या शेजारी जाऊन बसले.

त्याच्या बायकोने ते ऐकलं होतं. ती खाली वाकली, कुलूप उघडलं, साखळी सोडवली. गाळ भरलेलं कुलूप उघडायला वेळ लागला. मग तिने करदोड्याच्या दोऱ्याची गाठ दाताने सोडली, एक किल्ली स्वतःच्या पदराला बांधली आणि दुसरी डोंगेवाल्याच्या हातात दिली.

"हे तुमच्यापासी राहू द्या, भाऊ."

त्याने मूठ मिटली आणि पोरासारखा रडायला लागला.